कॅटलॉगच्या सीडी भंगारात देण्यापूर्वी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कपाटे आणि खण आवरण्याविषयीच्या आपल्या सदरात ‘कंपन्यांच्या कॅटलॉगच्या जुन्या सीडी सरळ भंगारात द्या, आता सगळे ऑनलाइन मिळते’ असा सल्ला छापून आला आहे. हा सल्ला देणाऱ्यावर बंद पडलेल्या यंत्राचा सुटा भाग शोधायची वेळ कधी आली नसावी. मी यंत्रदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळते. बेअरिंग, ऑइल सील (तेल गळू नये म्हणून शाफ्टभोवती बसणारी रबरी कडी), व्ही-बेल्ट, कपलिंग, हायड्रॉलिक फिटिंग या मालाशी माझा रोजचा संबंध. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात अशा सीडी उभ्या लावलेल्या आहेत आणि त्या तिथेच राहणार आहेत. का, ते सांगते.

ऑनलाइन असते ते आज विक्रीला असलेले. निर्मात्याने एखादा भाग बनवणे थांबवले की काही काळ त्यापुढे ‘उत्पादन बंद’ असा शेरा दिसतो. मग एखाद्या दिवशी संकेतस्थळाची नवी मांडणी होते आणि तोच नंबर टाकला की ‘काही सापडले नाही’ एवढेच उत्तर येते. भाग मात्र यंत्रात बसलेला असतो, आणि गळतही असतो. सीडीवरचा कॅटलॉग ज्या तारखेला निघाला त्या तारखेला थांबलेला असतो. इतरांना हा त्याचा दोष वाटतो, स्टोअरकीपरला नेमके तेच हवे असते.

फिटर तेलाने माखलेले सील हातात घेऊन येतो. “मॅडम, यावरचा नंबर पुसलाय, पण यंत्राच्या पुस्तकात हा दिलाय बघा.” पुस्तकातला नंबर यंत्र बनवणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी दिलेला, बाजारात तो कुणी ओळखत नाही. तो सीडीत टाकला की शाफ्ट ३५, घर (सील ज्या भोकात बसते ते) ५२, रुंदी ७ मिलिमीटर, रबर नायट्राइल अशी एक ओळ समोर येते. पुढचे काम सोपे. या मापाचे सील अनेक कंपन्या बनवतात. त्यांच्या आजच्या संकेतस्थळावर मापाने शोधायचे. जुना नंबर सीडीला विचारायचा आणि तिने दिलेले माप इंटरनेटला विचारायचे, अशी ही वाटणी आहे. सीडीवरची किंमत, पुरवठ्याची मुदत आणि फोन नंबर यांच्याकडे ढुंकूनही पाहू नये. भाराची किंवा दाबाची मर्यादा हवी असेल तर ती नव्या कॅटलॉगशी ताडूनच घ्यावी.

आता यावर हमखास येणारे उत्तर: ‘पण ती सीडी लागतच नाही.’

‘लागत नाही’ या तक्रारीत निदान तीन वेगळी दुखणी असतात. सीडी खराब, ड्राइव्ह खराब किंवा शोधाचा प्रोग्रॅम आजच्या संगणकावर न चालणारा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तिसरेच निघते आणि लोक मात्र सीडी पुसत बसतात. म्हणून पहिल्यांदा ड्राइव्हच्या चित्रावर उजवे क्लिक करून ‘ओपन’ म्हणावे. फोल्डर दिसले आणि त्यातली एखादी मोठी फाइल हार्ड डिस्कवर नीट कॉपी झाली, तर सीडी आणि ड्राइव्ह दोघेही निर्दोष समजावेत. सीडी आत सरकवल्यावर पडद्यावर काहीच उघडले नाही, यावरून काही सिद्ध होत नाही. आपोआप उघडण्याची ती सोय विंडोज ९५ बरोबर आली आणि सीडीवरच्या ‘ऑटोरन’ नावाच्या चिमुकल्या फाइलवर चालते. व्हायरसच्या भीतीने अनेक कार्यालयांत ती आता बंदच ठेवलेली असते. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. कोणता प्रोग्रॅम सुरू व्हायचा होता त्याचे नाव त्यात ‘ओपन’च्या पुढे लिहिलेले सापडेल. तो शोधून हाताने चालवायचा.

फाइलच दिसत नसतील तर मात्र सीडी हातात घ्यावी. तिची जाडी १.२ मिलिमीटर. सगळे लक्ष चकचकीत बाजूकडे असते, पण माहिती असते ती छापील बाजूच्या लगेच खाली, पातळ लाखेच्या थराआड. खालच्या बाजूचा ओरखडा जाड प्लास्टिकवर असतो आणि चुका दुरुस्त करण्याची रचना सीडीतच असल्यामुळे तो बऱ्याचदा निभावतो. वरून बॉलपेनने ‘जुनी’ असे ठसठशीत लिहिले की माहितीच्या थरालाच जखम होते. कागदी लेबलही चिकटवू नये. पुसायची तर मऊ कोरड्या कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे पुसावी, गोल गोल कधीही नाही. माहितीची रेघ आतून बाहेर अशी गोल फिरत गेलेली असते. तिला आडवा गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडेसेच तोडतो, तिच्या बाजूने गेलेला लांबच लांब तुकडा घेऊन जातो. आणि भोकाजवळ तडा दिसत असेल तर ती सीडी वेगवान ड्राइव्हमध्ये घालूच नये. ५२ पटीचा ड्राइव्ह मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे मारतो. त्या वेगात तडकलेली सीडी आतल्या आत फुटते आणि ड्राइव्हही जातो.

ड्राइव्हबद्दल थोडेच. लॅपटॉपना तो हल्ली नसतोच, यूएसबीचा बाहेरचा घ्यावा लागतो. तो टकटक आवाज करून थांबत असेल तर त्या पोर्टमधून वीज कमी पडत असण्याचा संभव आहे, दुसरा पोर्ट वापरून पाहावा. कॅटलॉग डीव्हीडीवर असेल तर साधा सीडी ड्राइव्ह तो वाचणार नाही. पाकिटावर काय छापले आहे ते आधी बघा.

खरे दुखणे प्रोग्रॅमचे. यातली विसंगती मला फार बोचते. सीडीवर फाइली कशा मांडायच्या याचे आयएसओ ९६६० हे मानक १९८८ मध्ये ठरले आणि ते सगळ्यांनी पाळले. म्हणून तेव्हाची सीडी आजही कोणत्याही संगणकात घाला, फोल्डर उघडतात. पण त्या फोल्डरांतली माहिती प्रत्येक कंपनीने आपापल्या खास प्रोग्रॅममध्ये बंद केली. ते प्रोग्रॅम कुठल्याच मानकाचे नव्हते, म्हणून एकामागून एक बंद पडत गेले. विंडोज ३.१ च्या काळातले १६-बिटी, म्हणजे जुन्या रचनेच्या संगणकांसाठी लिहिलेले, कॅटलॉग ६४-बिटी विंडोजवर चालत नाहीत आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटीच आहे. काही सीडींची गंमत अशी की मुख्य प्रोग्रॅम ३२-बिटी, म्हणजे आजही चालण्यासारखा असतो, पण त्याला बसवणारी ‘सेटअप’ फाइल १६-बिटी असते. दारातच अडला! अशा वेळी सेटअप सोडून सीडीवरच्या फोल्डरांत मुख्य प्रोग्रॅम मोकळा पडला आहे का ते पाहावे. पुष्कळदा तो थेट चालतो. मदतीची ‘एचएलपी’ पाने विंडोज व्हिस्टापासून उघडेनाशी झाली. ज्यांचे पडदे फ्लॅशमध्ये होते त्या फ्लॅशला ३१ डिसेंबर २०२० रोजी निरोप मिळाला. इंटरनेट एक्सप्लोररवर बेतलेले कॅटलॉग तो ब्राउझर बंद झाल्यावर गेले.

यावर उपाय आहे. संगणकातच एक आभासी संगणक उभा करून त्यात जुने विंडोज बसवता येते. व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट मिळते. मात्र त्या जुन्या विंडोजला इंटरनेट जोडू नये. विंडोज एक्सपीची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्येच थांबली. कॅटलॉग बघायला नेट लागतही नाही.

दुसरी नेहमीची डोकेदुखी म्हणजे सीडी आत फिरते आहे, दिवा लुकलुकतो आहे, आणि पडद्यावर ‘कृपया कॅटलॉगची सीडी घाला’ असा संदेश. प्रोग्रॅम बसवला तेव्हा सीडीच्या ड्राइव्हला विंडोजने दिलेले अक्षर ‘डी’ होते. मध्यंतरी कुणी नवी हार्ड डिस्क जोडली आणि सीडी ‘ई’ झाली. प्रोग्रॅम बिचारा जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतो आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीडीला तिचे जुने अक्षर परत देता येते. बऱ्याच कॅटलॉगांच्या फोल्डरात मांडणीच्या नोंदींची ‘आयएनआय’ फाइल असते, तिच्यात पत्ता बदलला तरी चालते. त्याआधी त्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी.

‘निवडलेल्या वस्तूंची यादी जतन होत नाही’ असेही पुष्कळजण म्हणतात. कॅटलॉग यादी स्वतःच्याच फोल्डरात लिहायला जातो. तो फोल्डर सीडीवर असेल तर तिथे लिहिताच येत नाही, ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असेल तर नवे विंडोज लिहू देत नाही. वेगळ्या साध्या फोल्डरात प्रोग्रॅम बसवला की प्रश्न मिटतो. विंडोज ९८ वर तर आणखी एक खोडी होती: सीडीवरून कॉपी केलेल्या फाइलींवर ‘फक्त वाचण्यासाठी’ ही खूण तशीच राहायची. ती काढेपर्यंत डेटाबेस रुसलेला.

इतके करून शोधाची चौकट समोर आली, की मग खरी परीक्षा. ‘शोध चालत नाही’ म्हणणारे शोध कसा चालतो ते पाहत नाहीत. पार्ट नंबर जसाच्या तसा टाकायचा हा मोह आवरायला हवा. ६२०५-२आरएस हे बेअरिंग घ्या. आडवी रेघ आली की कित्येक इंडेक्स, म्हणजे शोधासाठी आधीच बनवलेल्या सूची, त्याचे दोन तुकडे करतात, आणि एखादा कॅटलॉग रेघ न देता सलग लिहितो. शिवाय दोन्ही बाजूंना रबरी सील असलेल्या याच बेअरिंगला एक कंपनी २आरएस१ म्हणते, दुसरी डीडीयू, तिसरी एलएलयू. म्हणून मी आधी फक्त ६२०५ आणि पुढे तारांकित खूण (म्हणजे पुढे काहीही चालेल) टाकते, आणि आलेल्या यादीतून निवडते. हा आकडा स्वतःच बोलतो: शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतला व्यास मिळतो, ०५ म्हणजे २५ मिलिमीटर. ०४ पासून पुढे हा हिशेब चालतो. त्याखाली ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. ६२०५ चा बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. ६३०५ चा आतला व्यास तोच, पण बाहेरून ६२ आणि रुंदी १७. फिटरने सांगितलेला नंबर आणि कॅलिपरवरचे माप जुळत नसेल तर चौकटीत काही टाकण्यापूर्वीच ते कळते. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांची अदलाबदल ही तर नित्याचीच. नंबर धातूवर कोरलेला आणि निम्मा झिजलेला असतो.

मापाने शोधताना बरोबरीची अट घालू नका. झिजलेला शाफ्ट मोजला तर ३४.८ भरतो, कॅटलॉगात तो ३५ असतो. ‘३४.५ ते ३५.५’ असा पट्टा द्यावा. आणि पूर्णांकापुढच्या खुणेकडे लक्ष ठेवावे. युरोपातल्या अनेक देशांत दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात. त्यांच्याकडे तयार झालेला कॅटलॉग कधी ७,५ अशीच अपेक्षा करतो, कधी आपल्या विंडोजची मांडणी वाचून गोंधळतो आणि ७.५ चे ७५ करतो. शोधात एकही वस्तू येत नसेल, किंवा भलतीच अवाढव्य वस्तू येत असेल, तर विंडोजच्या प्रादेशिक मांडणीत दशांशचिन्ह तात्पुरते बदलून पाहा. इंची मापांचे कॅटलॉग वेगळेच. तिथे २५.४ ने भागून अपूर्णांकात विचारावे लागते.

पीडीएफ स्वरूपातल्या कॅटलॉगांची तऱ्हा निराळी. उघडलेल्या पानांत कंट्रोल-एफ दाबून शोधले की तेवढ्याच फाइलीत शोध होतो. सीडीवर शंभर फाइली असतील तर बाकीच्या तशाच राहतात. सगळ्यांत एकदम शोधण्यासाठी त्या सीडीवर ‘पीडीएक्स’ नावाची इंडेक्स फाइल आणि तिच्या जोडीचा फोल्डर असतो. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये ती फाइल उघडून शोध घ्यायचा. लोक हौसेने फक्त पीडीएफ तेवढ्या हार्ड डिस्कवर घेतात, इंडेक्सचा फोल्डर मागे राहतो आणि मग ‘शोध बंद पडला’ अशी बोंब होते. संपूर्ण सीडी, आहे त्याच फोल्डररचनेसह, उचलावी. आणखी एक खाच आहे. हे इंडेक्स बनवण्याच्या अ‍ॅक्रोबॅटच्या सोयीत ‘आकडे वगळा’ असा एक पर्याय असतो, इंडेक्सचा आकार कमी व्हावा म्हणून. सुट्या भागांच्या कॅटलॉगात कुणी त्यावर खूण केली असेल तर शब्द सापडतात आणि पार्ट नंबर एकही नाही. तिथे तुमचा संगणक, तुमची सीडी, तुम्ही, कुणाचाच इलाज नाही. प्रत्येक फाइल उघडून शोधणे किंवा नवा इंडेक्स बनवणे एवढेच हाती उरते. पान स्कॅन केलेले चित्रच असेल तर त्यात शोधायला अक्षरेच नसतात. ओळीवर माउस ओढून अक्षरे निवडली जातात का, एवढे पाहिले की कळते.

सापडलेली यादी स्प्रेडशीटमध्ये नेताना दोनदा तपासावी. ०४५१२ या नंबराचे पहिले शून्य तिथे परस्पर गळते आणि ३-१२ सारख्या नंबराची चक्क तारीख होते. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मगच मजकूर आणावा. चुकीच्या नंबराने मागवलेला माल परत घ्यायला कुणी उत्सुक नसते.

आता भंगाराच्या मुद्द्याकडे. सीडी टिकवायची म्हणजे प्लास्टिक जपायचे असे नाही. तिची पूर्ण इमेज, म्हणजे एकाच फाइलीत उतरवलेली हुबेहूब प्रत, काढून ठेवावी. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून अशी ‘आयएसओ’ फाइल दोनदा क्लिक केली की खऱ्या सीडीसारखी वेगळ्या ड्राइव्हमध्ये उघडते. बनवण्यासाठी मात्र इमगबर्नसारखा वेगळा प्रोग्रॅम घ्यावा लागतो. फोल्डर कॉपी करण्यापेक्षा इमेज बरी, कारण काही कॅटलॉग सीडीचे नाव तपासतात आणि साध्या फोल्डरला ते नाव नसते. शोधही झपाट्याने होतो. सीडीवर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायलाच वेळ जातो, हार्ड डिस्कवर तो जाचत नाही. एका सीडीत जास्तीत जास्त ७०० मेगाबाइट. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चाळीस सीडी सहज मावतील, तरी एकुलती एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवू नये. वाचताना अडखळणाऱ्या सीडीसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन आहे. ते आधी चांगला भाग उचलते आणि मग खराब जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. एकाच कॅटलॉगच्या दोन जखमी सीडी हाताशी असतील तर दोन्हींतला धडका भाग जोडून एक पूर्ण इमेज तयार होऊ शकते. म्हणून जादा प्रतही लगेच टाकू नका. आणि पाकीट! बसवताना लागणारा क्रमांक सीडीवर नसतो, पाकिटावर छापलेला असतो. पाकीट फेकून सीडी जपणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पाकिटाचा फोटो इमेजच्या शेजारीच ठेवावा. परवान्याच्या मजकुरात प्रतीविषयी काय म्हटले आहे तेही त्याच वेळी वाचून घ्यावे.

हे सगळे सांभाळायची जबाबदारी खरे तर स्टोअरकीपरची नाही. उत्पादकांनी जुन्या कॅटलॉगांतली माहिती प्रोग्रॅमपासून सोडवून साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) यादीत आणि पीडीएफमध्ये खुली करावी. पीडीएफ तर २००८ पासून आयएसओचे खुले मानक आहे. जुना नंबर, त्याच्या जागी आलेला नवा नंबर, मुख्य मापे, साहित्य आणि यादीची तारीख एवढे पाच रकाने दिले तरी दुरुस्तीवाल्यांचे काम भागेल. रंगीत चित्रे आणि फिरणारी आकृती कुणी मागत नाही. जो भाग आता विकायचाच नाही त्याचे माप लपवून कंपनीला काय मिळते, हे मला आजवर समजलेले नाही. उलट माप मिळाले नाही तर ग्राहक अख्खे यंत्र बदलताना दुसऱ्याच कंपनीचे घेतो.

तोवर आपल्या सदरातल्या त्या सल्ल्याला पुढच्या वेळी एक ओळ जोडावी ही विनंती: ‘आधी इमेज काढा, ती उघडून एखादा माहीत असलेला पार्ट नंबर शोधून पाहा, तो सापडला तरच सीडी टाका.’ आणि टाकताना ती कागदाच्या रद्दीत घालू नये. पॉलिकार्बोनेट आणि धातूचा थर एकत्र असल्यामुळे तिचा पुनर्वापर वेगळ्या पद्धतीने होतो.

आपली नम्र,
यंत्रदुरुस्ती वर्कशॉपमधली एक स्टोअरकीपर